धुऱ्याची जाडी

२०२१ च्या नोव्हेंबरात एक बातमी जगभर छापून आली होती. डीसेंट्रालँड नावाच्या आभासी जगात कुणीतरी जवळपास २४ लाख डॉलर मोजून जमीन घेतली. ११६ पार्सल, प्रत्येकी ५२.५ चौरस फूट, एकूण ६,०९० चौरस फूट. जमीन म्हणजे अर्थातच स्क्रीनवरची. तिथे फॅशन शो वगैरे होणार होते म्हणे. तेव्हा सगळे किमतीबद्दल बोलत होते, ते साहजिकच होतं. मी मात्र क्षेत्रफळावर अडकलो.

कारण डीसेंट्रालँडचं एक पार्सल असतं १६ मीटर बाय १६ मीटर. म्हणजे २५६ चौरस मीटर. आणि १६ मीटर म्हणजे ५२.५ फूट. फूट! चौरस फूट नव्हे. वर्ग करायचा राहून गेला आणि तोच आकडा पुढे ११६ ने गुणला गेला. खरा हिशेब केला तर ती जमीन भरते सुमारे ३ लाख २० हजार चौरस फूट, म्हणजे ७ एकर ३४ डिसमिल. बातमीत तिचे जेमतेम साडेपाच गुंठे झाले होते. कागदावर सात एकराचे साडेपाच गुंठे झाले आणि कुणी हूं की चूं केलं नाही. आमच्या भंडाऱ्यात असं झालं असतं ना मंडळी, तर तलाठ्याच्या दारात चपला मावल्या नसत्या.

आता तुम्ही म्हणाल याला एवढी उठाठेव कशाला? तर पोटापाण्यासाठी. २०२२ मध्ये आमच्या कंपनीकडे एका परदेशी क्लायंटचं काम आलं, आभासी जमिनीची खरेदी-विक्री करणारी साइट. माझ्या वाट्याला जे मॉड्यूल आलं त्याचं काम होतं पार्सलचं क्षेत्रफळ काढणं, हद्दी तपासणं आणि कुणाच्या शेजारी कोण आहे ते सांगणं. थोडक्यात मी हिंजवडीत एसीत बसून तलाठी आणि भूकरमापक, दोन्ही झालो होतो. आमच्या आबाजींनी हे ऐकलं असतं तर खूश झाले असते, कारण पोरगा शेवटी सरकारी कामाला लागला असंच त्यांना वाटलं असतं. :-)

या आभासी जमिनींची मापं मजेदार असतात. २००३ मध्ये सुरू झालेल्या सेकंड लाइफमध्ये एक रीजन २५६ बाय २५६ मीटरचा, म्हणजे ६५,५३६ चौरस मीटर. प्रोग्रामरला हा आकडा झोपेतही ओळखता येतो, दोनाचा सोळावा घात. आपल्या भाषेत १६ एकर १९ डिसमिल. तिथला लहानात लहान तुकडा चार बाय चार मीटरचा. डीसेंट्रालँडचा अख्खा नकाशा म्हणजे ३०१ बाय ३०१ पार्सल, एकूण ९०,६०१, रस्ते आणि चौक धरून. सँडबॉक्स नावाच्या आणखी एका जगात एक लँड ९६ बाय ९६ मीटरची. सगळं चौकोनी, सगळं पूर्ण आकड्यांत. तिथे मोजणी नावाचा प्रकारच नाही, कारण आकडा आधी आणि जमीन नंतर! कुणीतरी डेटाबेसमध्ये लिहिलं की बाजू ९६, मग तेवढी जमीन उगवली. तिला ९५.९८ असण्याची मुभाच नाही. माझं मॉड्यूल दोन महिन्यांत संपलं. त्यात बग फारसे निघाले नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यात माझी हुशारी नव्हती. वादच नसेल तर बग कुठून येणार?

हे डिसमिल काय प्रकरण आहे, असं पुण्या-नगरकडच्या वाचकांना वाटलं असेल. थोडं सांगतो. भंडारा १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात नव्हता, जुन्या मध्य प्रांतात होता. त्यामुळे तुमच्याकडे गुंठे आणि आमच्याकडे डिसमिल. एकराचा शंभरावा भाग म्हणजे एक डिसमिल, ४३५.६ चौरस फूट. गुंठा ३३ फुटी साखळीचा वर्ग, एकराला चाळीस. डिसमिलच्या मागे आहे गुंटर नावाच्या इंग्रजाने १६२० च्या सुमारास काढलेली ६६ फुटी साखळी, शंभर कड्यांची. अशा दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, आणि हजार चौरस कड्या म्हणजे एक डिसमिल. दशमान पद्धत यायच्या कितीतरी आधीचं हे दशमान! सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर आहे, पण आमच्याकडे बोलताना अजून एकर-डिसमिलच चालतं.

तर आमची जमीन आहे ४ एकर ५६ डिसमिल. लाखनी तालुक्यात, चुलबंद नदीच्या अलीकडे. एकच गट, सगळ्या धानाच्या बांध्या, खालच्या अंगाला एक बोडी. आबाजी २०१९ मध्ये गेले. वारस नोंद झाली आणि सातबाऱ्यावर मोठे बाबा आणि माझे बाबा, दोघांची नावं लागली. वहिवाट त्याआधीच वेगळी होती. मधोमध धुरा, वरचा अर्धा भाग मोठ्या बाबांचा, बोडीकडचा खालचा आमचा. तीस वर्षं कुणी काही मोजलं नव्हतं. पण सातबारा एक असला की सोसायटीचं कर्ज, ई-पीक पाहणी, सगळीकडे दोघांना एकमेकांसाठी थांबावं लागतं. त्यात धानाचा बोनस क्विंटलऐवजी हेक्टरी झाला. २०२२-२३ च्या खरिपाला हेक्टरी १५,००० रुपये आले, दोन हेक्टरांच्या मर्यादेत. पैसे सातबाऱ्यावरच्या क्षेत्राप्रमाणे. तेव्हा दोघा भावांनी ठरवलं की कागदावरही वेगळं होऊन टाकू. भांडण नव्हतं हो. मोजणी हा शब्द घरात आला आणि भांडण त्याच्या मागोमाग आलं.

२०२३ च्या दिवाळीला मी घरी गेलो तेव्हा चुलतभावाने मोबाईलवर एक ॲप घेतलं होतं. शेताच्या कडेने चालत जायचं, चक्कर पूर्ण झाली की क्षेत्रफळ हजर. त्याने दोन्ही भागांना चक्कर मारली. आमचा भाग भरला २ एकर २१ डिसमिल, त्यांचा २ एकर ३४. तेरा डिसमिलचा फरक!

ऐकून बाबा काही बोलले नाहीत. आमच्याकडे कुणी काही बोललं नाही की समजायचं. आईने मात्र बोलून घेतलं. "तीस वर्षं तेरा डिसमिल तिकडे पिकून रायले अन् आमाले पत्ता नाही." दोन्ही घरांचं अंगण एक आहे. रोज या चुलीवरची भाजीची वाटी त्या चुलीकडे जाते. ती बंद झाली. मोठी आई अंगण झाडायची ती बरोब्बर अर्धं झाडून थांबायला लागली.

तेरा डिसमिल म्हणजे ५२६ चौरस मीटर. बोनसच्या हिशेबाने वर्षाला ७८९ रुपये. हे मी आईला सांगितलं. त्याचा परिणाम असा झाला की तिने माझ्याशीही दोन तास बोलणं सोडलं.

मग मी वही घेऊन बसलो, कारण मला दुसरं काही येत नाही. ४ एकर ५६ चे अर्धे २ एकर २८. मीटरमध्ये केले आणि हसूच आलं. जवळपास ९,२२० चौरस मीटर. म्हणजे ९६ बाय ९६. सँडबॉक्सची एक लँड! आमच्या दोन घरांच्या वाट्याला बरोबर एकेक लँड आली होती. (ही गोष्ट घरात कुणाला सांगितली नाही. काही विनोद खाजगीच बरे.) शेत काही चौरस नाही, पण हिशेबापुरतं धरलं. कडेची लांबी ३८४ मीटर. आता ५२६ भागिले ३८४ म्हणजे १.३७ मीटर. साडेचार फूट.

साडेचार फूट. मी तसाच उठलो आणि पट्टी घेऊन शेतावर गेलो. धुरा मोजला. कुठे चार, कुठे पाच, सरासरी साडेचार.

म्हणजे गंमत अशी झाली होती. आमच्या भागाला चक्कर मारताना भाऊ धुऱ्याच्या आतल्या कडेने, धानाला लागून चालला होता, कारण धुऱ्यावर तूर उभी होती आणि पलीकडे जाता येत नव्हतं. त्याच्या स्वतःच्या भागाला मारताना बाहेरच्या कडेने, कारण त्या तीन बाजूंना रस्ता आणि पडीक आहे, चालायला सोपं. हद्द मधोमध धरली तर आतून चालणाऱ्याचे साडेसहा डिसमिल कमी होतात आणि बाहेरून चालणाऱ्याचे तेवढेच वाढतात. बेरीज करा, तेरा. शिवाय दोन्ही भागांची बेरीज येते ४ एकर ५५, म्हणजे सातबाऱ्याला अगदी चिकटून. भावाने कुणाचं काही मारलं नव्हतं. तेरा डिसमिल धुऱ्याच्या पोटात होते. त्यातून फोनचा जीपीएस मोकळ्या आकाशाखालीसुद्धा पाचेक मीटरच्या आतबाहेर असतो, तो भाग वेगळाच. म्हणजे ज्या साडेचार फुटांवरून घर गप्प झालं होतं ते त्या यंत्राला दिसतसुद्धा नाहीत.

भावाने मग नकाशाचा हट्ट धरला. महाभूनकाशावरून गावाच्या नकाशाचं चित्र घेऊन गूगल अर्थवर ताणून बसवलं, तर धुरा जाऊन पडला शेजाऱ्याच्या चिंचेखाली. चित्र ताणून बसवल्यावर आणखी काय होणार! पण समजा अगदी काटेकोर बसवलं असतं तरी? आमच्याकडचे जुने गावनकाशे मैलाला सोळा इंच या मापाचे. एक इंच म्हणजे ३३० फूट, पाच साखळ्या. एक चौरस इंच म्हणजे अडीच एकर. आमच्या बाबांची सगळी शेती, ज्यावर माझं इंजिनिअरिंग झालं, ती त्या कागदावर एका चौरस इंचातही पुरी भरत नाही. आणि त्या कागदावर अर्ध्या मिलिमीटरची रेघ ओढली की जमिनीवर ती होते दोन मीटर रुंद. म्हणजे आमचा धुरा, त्यावरची तूर, आणि दोन्हीकडची एकेक वीत धान, हे सगळं रेघेच्या शाईखाली गडप. कारकुनाचा टाक जरा जाड असला तर विचारूच नका.

हे सगळं मी त्या रात्री अंगणात दोन्ही घरांना समजावून सांगितलं. वही दाखवली, आकृती काढली. भावाला पटलं. बाबांना पटलं. आईला पटलं नाही पण तिने ऐकून घेतलं. मोठे बाबा सुपारी कातरत सगळं ऐकत होते. शेवटी म्हणाले, "बाबू, तुहा हिसाब बराबर हाये. जागा सारकी हाये. पन पानी सारका येते का?"

मी गप्प.

"खालच्या बांधीत दिवाळीपर्यंत वल रायते. वरची बांधी पोयाले फाटून जाते. तीस साल झाले, म्या कधी मनलो का?"

खरंच होतं ते. आमचा खालचा भाग बोडीला लागून, खोलगट, माती मोरांड. धान हलक्याचं असो की भारी, निघतंच. नंतर त्याच ओलीवर लाखोळी टाकली तरी येते. वरचा भाग खरडी, उताराचा. पाऊस पंधरा दिवस रुसला की परे तिथेच पिवळे. दोन्ही मिळून चौरस मीटर सारखे, पण पोत्यांत मोजलं तर वरच्यात निदान पाचाला एक पोतं कमी. आणि हे सगळ्या घराला माहीत होतं. मला लहानपणापासून माहीत होतं. आठ दिवस सगळे तेरा डिसमिलांवर बोलत होते, ज्याच्याकडे सांगण्यासारखं खरं गाऱ्हाणं होतं तो माणूस सुपारी कातरत होता.

त्यानंतर मी पुण्याला येताना रेल्वेत आमचा सातबारा नीट वाचला. (इतक्या वर्षांत पहिल्यांदा. घरोघरी सातबारा असतो आणि वाचत कुणीच नाही.) क्षेत्राच्या जवळ आकारणीचा आकडा असतो, रुपये आणि पैसे. इतका किरकोळ की त्याकडे कुणी बघत नाही. पण तो आकडा क्षेत्रफळातून निघालेला नाही. इंग्रजांच्या काळात बंदोबस्त झाला तेव्हा मातीचा प्रकार, बांधी उंचावर की खोलगटात, पाण्याची सोय, असं सगळं बघून शेताची प्रत ठरवायचे आणि त्यावर सारा. म्हणून एकाच गावात तेवढ्याच क्षेत्राच्या दोन शेतांची आकारणी वेगवेगळी दिसते. कन्हार, मोरांड, खरडी, सिहार, बर्डी ही नावं नुसती मातीची नावं नाहीत, ते गुणक आहेत. आमच्या क्लायंटच्या साइटवर असा रकानाच नव्हता. तिथे प्रत्येक पार्सलची ताकद सारखीच ठेवलेली. डीसेंट्रालँडमध्ये एका पार्सलवर दहा हजार त्रिकोण मावतात, मग ते कोपऱ्यात असो की चौकात. फरक पडतो तो फक्त शेजाऱ्याने. २०२१ च्या डिसेंबरात सँडबॉक्समध्ये एकाने साडेचार लाख डॉलर दिले, कारण काय, तर शेजारी स्नूप डॉग नावाचा रॅपर राहायला येणार होता. आमच्याकडे शेजारी कोण आहे हे बघून लोक जमीन घ्यायची टाळतात, एवढाच फरक.

असो.

मोजणीचा अर्ज केला, फी भरली, २०२४ च्या एप्रिलमध्ये भूकरमापक आले. लगतधारकांना नोटिसा गेलेल्या, त्यामुळे चार बाजूंचे चार शेजारी सकाळीच हजर. एक तर केवळ चहासाठी आला होता. पूर्वी फलकयंत्र आणि साखळी घेऊन दोन-दोन दिवस चालायचं ते काम, आता हातात रोव्हर. काठीच्या टोकावर टोपीसारखा अँटेना. सर्व्हे ऑफ इंडियाने राज्यात जागोजागी कॉर्स नावाची कायमची स्थानकं उभारली आहेत, त्यांच्याकडून दुरुस्ती घेत घेत तो काही सेंटिमीटरांत जागा सांगतो. मी मंत्रमुग्ध होऊन त्यांच्या मागे फिरत होतो. ज्या लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासपासून भारताची महामोजणी सुरू केली, तो वीस वर्षं अजस्र यंत्र ओढत वर सरकत राहिला आणि १८२३ च्या जानेवारीत आपल्या हिंगणघाटला वारला. हिंगणघाट ते आमचं गाव गाडीने एका दिवसात जाऊन येता येईल. त्या माणसाला ही टोपीवाली काठी दाखवायला हवी होती असं फार वाटलं. भूकरमापकांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "सर, जरा बाजूला व्हा, सिग्नल अडतो."

बाहेरची हद्द दुपारच्या आत झाली. मग ते म्हणाले, "आता मधली रेघ कुठून काढू ते तुम्ही सांगा. मी फक्त मोजतो."

हे वाक्य मला फार आवडलं. इतक्या सेंटिमीटरांचं यंत्र हातात, आणि ते विचारतंय की कुठून.

बाबा उठले आणि धुऱ्यावरून चालायला लागले. मोठे बाबा मागे. बोडीकडच्या कोपऱ्याजवळ एक बांधी आहे, आमच्या भागातली, खोलगट, सगळ्यात शेवटी सुकणारी. बाबा त्या बांधीला वळसा घालून पलीकडून गेले. भूकरमापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाबांकडे. बाबा म्हणाले, "अशीच काढा." आई धुऱ्याखाली डबा घेऊन उभी होती. तिने काही म्हटलं नाही. तिलाही हे आधी सांगितलेलं नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं. मोठे बाबा म्हणाले, "राहू दे ना बापा, काहाले." पण आवाजात दम नव्हता.

ती बांधी भरली १७ डिसमिल. म्हणजे आता मोठ्या बाबांचे २ एकर ४५ आणि आमचे २ एकर ११. ॲपने दाखवलेल्या आकड्याच्याही दहा डिसमिल खाली. आईने नंतर दोन दिवस बाबांना त्यावरून ऐकवलं, आणि तिसऱ्या दिवशी वाटी गेली. पातोड्यांची भाजी होती.

क प्रत आली तेव्हा मी ती मोठी करून पाहिली. मधली रेघ धुऱ्याने सरळ येते, बोडीजवळ एकदम काटकोनात आत शिरते, बांधीला वळसा घालते आणि पुन्हा बाहेर. चौकोनी जाळीवर असा खाचा पाडायचा म्हणजे मला जुन्या मॉड्यूलचा अर्धा कोड फेकून द्यावा लागला असता. ते मॉड्यूल आता कुणी वापरत असेल असं वाटत नाही. आभासी जमिनींचे भाव २०२२ नंतर असे काही कोसळले की क्लायंटने आमच्याशी करार पुढे वाढवलाच नाही.

क प्रतीवर एक गोष्ट मात्र दिसत नाही. त्या रेघेला जाडी नाही. धुऱ्याला आहे, साडेचार फूट. शंभरेक मीटर लांबीचा धुरा म्हणजे सव्वातीन डिसमिल. त्यावरून दोन्ही घरांची माणसं शेतावर जातात, पावसाळ्यात खेकडे त्यात बिळं करतात, आणि दरवर्षी त्यावर तूर होते. चांगली होते, घरची डाळ निघते. ही तूर इतकी वर्षं कोण तोडायचं? तर ज्याला आधी सवड मिळेल तो, आणि निम्मी पलीकडे पोचवायचा. आता सातबारे वेगळे झाले, ई-पीक पाहणीत तूर नोंदवायची तर कुणाच्या गटात नोंदवायची? भाऊ म्हणाला अर्धी-अर्धी नोंदवू. ॲपमध्ये क्षेत्र टाकायला बसलो तर प्रत्येकी दीड डिसमिलच्या आसपास, म्हणजे अर्ध्या आरच्या जरा वर. त्यासाठी दोघांनी धुऱ्यावर पाठीला पाठ लावून उभं राहून दोन वेगवेगळे फोटो काढायचे का, यावर अंगणात अर्धा तास खल झाला.

शेवटी नोंदवलीच नाही. पहिल्या वर्षी मोठ्या बाबांनी तोडली, एका वर्षाआड पाळी ठरली आहे. पण आमच्या पाळीच्या वर्षीही सोडणीला मोठी आईच आधी पोचली, आणि आईने तिच्या हातात नुसतं पाण्याचं भांडं दिलं.